येथून पुढे कुंकू

जमीन ही स्थावर वस्तू आहे असे कायदा म्हणतो, आणि कायद्याच्या शब्दाबाहेर जाण्याची आपली कोणाची प्राज्ञा नाही. जमीन खरोखरच जागची हलत नाही. मात्र तिच्यावरून माणसे हलतात, गाड्या हलतात, गुरे हलतात, नवरदेव आणि प्रेते हलतात, आणि जो एकदा हलला त्याचा त्या हलण्यावर हक्क बसतो. म्हणून शेत विकत घेणारा शहाणा माणूस आधी माती पाहतो, मग पाणी पाहतो, मग बांध पाहतो, आणि कागद घरी नेऊन देव्हाऱ्यात ठेवतो. वऱ्हाडातली ही पद्धत फार जुनी आहे. तिच्यामुळे वाचण्याचे श्रम वाचतात.

सोनबर्डी हे गाव अकोल्यापासून चार कोसांवर होते. सन १८६४ मध्ये तिकडे अमेरिकेत भाऊ भाऊ भांडत होते, त्यामुळे विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेना, त्यामुळे वऱ्हाडी कापसाला सोन्याचा भाव आला, आणि त्यामुळे सोनबर्डीतलेही भाऊ भाऊ भांडू लागले. गावाची त्या सालची स्थिती चावडीच्या वहीत नमूद आहे ती अशी : उंबरे ७१. कापूस पेरणारे ६९. ज्वारी पेरणारा १ (त्याचे बियाणे उरले होते). भाजीपाला लावणारी १. अंगणात, न्हाणीपाशी आणि उकिरड्यावर कापूस लावणारे वेगळे मोजलेले नाहीत. मारुतीच्या पारामागे दोन झाडे आपोआप उगवली होती; त्यांची बोंडे मारुतीची की पुजाऱ्याची याचा निकाल अजून लागायचा आहे.

अशा साली खुशालरावाने नत्थुजींचे शेत विकत घेतले.

खुशालराव काही हावरा माणूस नव्हता. त्याची स्वतःची आठ एकर होती आणि तिने गेल्या हंगामात त्याला चांगले वर आणले होते. पण हे शेत वेगळे होते. त्याचा बाप किसन याने हेच शेत तीस वर्षे बटईने वाहिले. म्हणजे नांगर किसनचा, घाम किसनचा, अर्धे पीक किसनचे, आणि शेत नत्थुजींच्या घराण्याचे. शेताच्या मधोमध एक बोरीचे झाड होते. त्याच्याखाली बसून किसन दुपारची भाकर खाई, आणि खाऊन झाली की लगेच उठे, कारण दुसऱ्याच्या शेतात जास्त वेळ बसणे बरे दिसत नाही. मरताना त्याने देवाचे नाव घेतले नाही. बोरीखालचे तण काढले का, एवढेच विचारले. खुशालरावाला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. त्या बोरीखाली बसायचे, भाकर खायची, आणि उठायचे नाही.

अक्षय्य तृतीयेला खरेदीखत झाले. नत्थुजींना अमरावतीस जाऊन कापसाची दलाली करायची होती (शेत कसण्यापेक्षा शेत कसणाऱ्यांकडे पाहत बसण्यात जास्त मिळते, असे त्या साली सर्वांच्याच लक्षात आले होते). सह्या-अंगठे झाल्यावर नत्थुजींनी धोतराच्या सोग्यातून बांबूची एक नळी काढली. तिच्यात जुना, पिवळा, मोडीत लिहिलेला कागद होता. त्याचा खालचा भाग कुंकवाने असा माखला होता की तिथे कागद आहे हे श्रद्धेनेच मानावे लागे.

"हे बी ठेवा," नत्थुजी म्हणाले. "आमच्या आजाच्या वख्ताचा कागद हाय. शेतासंगं राहते."

"काय लिवलं हाय जी त्यात?"

नत्थुजींनी त्याच्याकडे असे पाहिले की जणू त्याने देवाचे वजन विचारले. "आमी तं दरसाल दसऱ्याले पूजा केली बावा. तीन पिढ्या झाल्या. कदी काई कमी पडलं नाई."

उत्तर समाधानकारक होते. खुशालरावाने नळी कपाळाला लावली, घरी आणली आणि देव्हाऱ्यात खंडोबाच्या टाकाशेजारी उभी केली. त्याची बायको माणिकबाई निरांजन घासत होती. ती म्हणाली, "आंधी वाचून तं घ्या कोनाकून."

"देवाले कोनी वाचते का?"

"देव काई बांध-वाट सांगत नाई. कागद सांगते."

हे बोलणे बायकी म्हणून सोडून देण्यात आले. दसऱ्याला माणिकबाईनेच कागदावर कुंकू वाहिले, कारण घरात कुंकू तिच्याकडे असे. परंपरेप्रमाणे ते खालच्याच बाजूला वाहिले.

आता या शेताची जागा समजून घेतली पाहिजे. ती अवघड नाही. गाव, गावापुढे गाडीरस्ता, रस्त्याला लागून तानुबाई माळणीचा मळा, मळ्याच्या मागे खुशालरावाचे नवे शेत, आणि शेताच्या मागे अकोल्याच्या बाजाराकडे जाणारी पायवाट. म्हणजे खुशालरावाला गाडी घेऊन शेतात जायचे तर तानुबाईच्या मळ्यातून, आणि तानुबाईला भाजी घेऊन बाजाराला जायचे तर खुशालरावाच्या शेतातून. नत्थुजींच्या आजाने आणि मळ्याच्या तेव्हाच्या धन्याने ही सोय साठ वर्षांपूर्वी केली आणि साठ वर्षे ती बिनतक्रार चालली. तिची कारणे कोणाला ठाऊक नव्हती, म्हणून ती चालली.

कार्तिकात पहिली वेचणी झाली. कापसाने भरलेली गाडी ही गाडी राहत नाही, कडब्याच्या ढिगासारखी गंजी होते, आणि गंजीला दोन्ही बाजूंनी पोट असते. खुशालरावाच्या गाडीच्या पोटाने तानुबाईची वांग्याची अकरा झाडे मोडली. तानुबाई पन्नाशीची, बोलणे मोजके. तिने मोडलेली झाडे पदरात गोळा केली आणि चावडीवर नेऊन पटवाऱ्यापुढे ठेवली.

पटवारी भगवंत हे मोठे निःपक्षपाती गृहस्थ. ते कागद जसा असेल तसा वाचत, आणि त्यातून काय निष्पन्न होते त्याची जबाबदारी ऐकणाऱ्यांवर टाकत. त्यांनी नळी मागवली, चष्मा लावला आणि वाचले :

"कलम पहिले. शेतधनी याने मळियातून गाडीवाट घ्यावी. वाटेचे रुंदीस प्रमाण शेतधनी याचे बैलजोडीची शिंगे, टोकापासून टोकापर्यंत. कलम दुसरे. मळाधनी याने शेतातून पाऊलवाट घ्यावी. वाटेचे रुंदीस प्रमाण मळाधनी याचे डोईवरील पाटी, काठापासून काठापर्यंत. कलम तिसरे. वाट उभय पक्षी अडवू नये. कलम चौथे."

ते थांबले.

"पुढं काय जी?" पाटलाने विचारले.

"येथून पुढे कुंकू आहे," भगवंत म्हणाले, आणि तसेच त्यांनी वहीत टिपून घेतले.

पूर्वजांनी मापाला दोरी किंवा काठी न धरता शिंगे धरली यात त्यांची दूरदृष्टी दिसते. दोरी चोरीला जाते, काठी मोडते. बैल मात्र वाटेवर हजर असतोच, कारण तो नसेल तर वाट हवी कशाला. पाटीचेही तसेच. शिंगे मोजली गेली. पाच हात भरली. पाटी मोजली, दोन हात भरली. गाडीचे पोट हे शिंग नव्हे असा निकाल झाला, आणि खुशालरावाने कापूस दोरीने आवळून न्यावा असे ठरले. निकाल इतका रास्त होता की दोन्ही पक्ष नाराज झाले नाहीत. इथे ही गोष्ट संपायला हरकत नव्हती.

परंतु खुशालरावाने आता कागद ऐकला होता. जोवर माणसाला आपला हक्क ठाऊक नसतो तोवर तो वाटेने जातो; ठाऊक झाला की दुसऱ्याच्या वाटेला जातो. रात्रभर त्याच्या डोक्यात एकच ओळ घोळली. 'शेतधनी याचे बैलजोडीची शिंगे.' कोणत्या बैलजोडीची, हे कागद म्हणत नव्हता.

पुढच्या आठवड्यात त्याने बाजारातून एक जोडी आणली. तिच्या अंगात बळ बेताचे होते, एक बैल डाव्या पायाने लंगडत होता; पण शिंगे अशी आडवी पसरलेली की दोघे गोठ्यात एका वेळी शिरत नसत. शिंगांच्या टोकांना त्याने पितळी शेंब्या बसवल्या. शेंब्यांच्या आत हातहातभर बाभळीचे लाकूड होते (शिंगाच्या शोभेस मर्यादा नाही, असे त्याचे म्हणणे). भगवंतांनी दोरी धरली. नऊ हात भरले. मळ्यातली वाट नऊ हातांची झाली आणि तानुबाईचे वांग्यांचे आठ वाफे वाटेत आले. खुशालराव गावात म्हणाला, "आपुन कागदाबाहेर एक पाऊल टाकत नाई." आणि ते अक्षरशः खरे होते.

तानुबाईने वाफ्यांकडे पाहिले, बैलांकडे पाहिले. मग म्हणाली, "भगवंतजी, थे दुसरं कलम मले पुन्यांदा वाचून दाखवा जी."

भगवंतांनी वाचून दाखवले. ती तिथून उठून सरळ सहदेव बुरडाकडे गेली. सहदेवाने माप ऐकून हातातली पाती खाली ठेवली.

"नऊ हाताची पाटी? काहून एवढी मोठी? भरतं काय त्यात?"

"सांबार." (वऱ्हाडात कोथिंबिरीला सांबार म्हणतात.)

"कितीक?"

"एक जुडी," तानुबाई म्हणाली.

पौष शुद्ध पंचमीला सकाळी ती पाटी खुशालरावाच्या शेतातून निघाली. तिच्या खाली तानुबाई, तिची बहीण मैनाबाई आणि दोन सुना अशा चार डोया होत्या. डोया किती असाव्यात याबद्दल कागद काही म्हणत नाही. पाटीत मधोमध सांबाराची एक जुडी होती. भगवंत बाजूने दोरी घेऊन चालत होते. खुशालराव धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभा राहून हे सर्व पाहत होता, आणि त्याला आयुष्यात प्रथमच एका जुडी सांबाराची भीती वाटली. शेतातली वाट नऊ हातांची झाली, अशी नोंद झाली.

यापुढे काय झाले ते सांगण्यात वेळ घालवण्यापेक्षा चावडीच्या वहीतला उतारा देणे बरे. कार्तिक : मळ्यातून वाट ५ हात, शेतातून २. मार्गशीर्ष : मळ्यातून ९, शेतातून २. पौष शुद्ध : मळ्यातून ९, शेतातून ९. पौष वद्य : मळ्यातून २७, कारण शेतधन्याने तीन जोड्या शेजारी शेजारी हाकल्या, व जोडी एकच असावी असे कलमात नाही. शेरा : मधल्या जोडीने वाटेतच शेण टाकले, नोंद घेण्यासारखे नाही. माघ शुद्ध द्वितीया : मळ्यातून ६३, जोड्या सात. शेरा : मळ्याची एकूण रुंदी ६० हात असल्याने उरलेले तीन हात शेतधन्याने मोठ्या मनाने सोडले.

त्या दिवशी संध्याकाळी खुशालराव घरी आला तो विजयी वीरासारखा. सारा मळा, उभ्या वाफ्यांसकट, त्याची वाट झाला होता. जेवायला पिठले होते. गेले दोन महिने पिठलेच होते, कारण सोनबर्डीत त्या साली पैसा होता, चांदीचे कडे होते, अमरावतीहून आणलेले आरसे होते, भाजी नव्हती. सारी जमीन कापसाखाली होती. भाजी होती ती एका तानुबाईकडे, आणि तानुबाई आता भाजी विकत नव्हती.

ती फुकट वाटत होती. अट एवढीच की घेणाऱ्या बाईने आपली पाटी घेऊन तिच्या रांगेत उभे राहायचे.

खुशालरावाचे सारे गणित इथे चुकले, आणि तेही एका साध्या गोष्टीवर. त्याचा कापूस दुसऱ्या वेचणीला आला होता. बोंडे फुटून झाडांवर लोंबत होती, वारा सुटला की शुभ्र पुंजके बांधावर जाऊन अडकत. वेचणी बायका करतात. बायका पाटीखाली होत्या. त्याने मजुरी दुप्पट केली, तिप्पट केली. बायका हसून पुढे गेल्या. मजुरी सगळ्यांनाच मिळत होती. भरताचे वांगे एकाच ठिकाणी मिळत होते. तिकडे अकोल्याच्या बाजारात कोणी म्हणे अमेरिकेतले भाऊ थकले, आता समेट होणार, भाव बसणार. खुशालराव रोज सकाळी शेतावर जाई, फुटलेल्या बोंडांकडे पाही आणि परत येई. बोरीखाली बसायची त्याला आठवणही राहिली नव्हती.

माघ शुद्ध दशमीला तानुबाईने शेताची पूर्ण रुंदी घ्यायचे ठरवले. रुंदी १४० हात होती. सहदेवाकडचा बांबू संपला होता, त्यामुळे एवढी मोठी पाटी होणे नव्हते. तेव्हा काठाला काठ लावून सुतळीने बांधलेल्या दोन दोन हातांच्या पाट्या ही एकच पाटी धरावी, असा अर्थ लावण्यात आला. (जोड्या सात चालत असतील तर पाट्या कितीही चालाव्यात. भगवंत याला समन्याय म्हणत.) बायका जमल्या. मोजल्या तर ६९ निघाल्या. म्हणजे १३८ हात. दोन हात कमी पडत होते. खुशालराव धुऱ्यावर होता. त्याच्या जिवात जीव आला. बांधालगतची दोन हातांची ती पट्टी, तेवढी तरी आपली राहिली, असे त्याला वाटले.

तेवढ्यात गावाकडून एक बाई पाटी घेऊन घाईघाईने आली आणि रांगेच्या टोकाला उभी राहिली. ती माणिकबाई होती.

"तू बी?" खुशालराव म्हणाला.

"दोन हात कमी पडून राहिले होते," माणिकबाई म्हणाली. "अन् घरी भाजी नाई."

सत्तर पाट्या शेताच्या या बांधापासून त्या बांधापर्यंत एका ओळीत गेल्या. झाड एकही मोडले नाही. बायका तासातासातून, पिकाच्या ओळींमधून, चालल्या. दृश्य फार सुंदर होते असे बघणारे सांगत. खुशालरावाने ते पूर्ण पाहिले नाही.

त्याच दिवशी त्याने चावडी बोलावली. त्याची मागणी एकच होती : चौथे कलम वाचा. त्यामागचा त्याचा युक्तिवाद बिनतोड होता. कागद शेतधन्याच्या घरचा. कुंकू शेतधन्याच्या बायकांनी वाहिलेले. तेही तीन पिढ्या, आणि नेमके त्याच ओळीवर. शेतधन्याच्या वाईटाच्या ओळीवर शेतधन्याची बायको कुंकू कशाला वाहील? चौथ्या कलमात शेतधन्याचे काहीतरी मोठे कल्याण दडलेले असणार, हे शेंबड्या पोरालाही कळावे. (काही गोष्टींवर शेंदूर फासतात तो त्या उघड्या पडू नयेत म्हणून, हा विचार त्याला शिवला नाही. तो भाविक होता.)

माणिकबाई दारातून म्हणाली, "राहू द्या आता. झाकलेलं झाकलेलं बरं." वैशाखात तीच वाचा म्हणत होती आणि आता माघात तीच नको म्हणत होती, यावरून बायकांच्या मताला धरबंध नसतो हे पुन्हा सिद्ध झाले.

"मले वाचून पायजे," खुशालराव म्हणाला. "आज इथंच."

कुंकू साठ वर्षांचे, घट्ट झालेले. ते पुसायला काहीतरी मऊ हवे होते. खुशालरावाने पंचांना दाखवण्यासाठी आपल्या शेतातला ओंजळभर कापूस आणला होता, वेचणीवाचून काय नासून राहिले ते त्यांना कळावे म्हणून. त्यातलाच एक बोळा भगवंतांनी लोटीत बुडवला आणि कागदावरून हळूहळू फिरवला. कापूस लाल झाला. दुसरा बोळा घेतला. तोही लाल झाला. तिसऱ्या बोळ्याला अक्षरे दिसू लागली. कापूस उत्तम प्रतीचा, लांब धाग्याचा होता, हे पाटलानेही कबूल केले.

भगवंतांनी वाचले :

"कलम चौथे. वाटेत जे उगवेल ते वाट चालणाराचे. जमीन जमीनधनी याची, सरकारसारा जमीनधनी याजवर. हे उभय पक्षी पुस्त दर पुस्त चालावे."

ज्या काळी वाट दोन हातांची होती त्या काळी या कलमाचा अर्थ थोडे गवत आणि वाटेवर पडलेली चार बोरे एवढाच होता. बैलाने जाता जाता दोन तोंडे मारली किंवा माळणीने बोर उचलले तर त्यावरून भांडू नये, इतके साधे कलम ते. आज शेताची वाट १४० हात होती आणि शेत १४० हात होते. भगवंतांनी कागदाची घडी घातली. त्यांनी निष्पन्नाची जबाबदारी ऐकणाऱ्यांवर टाकली. सोनबर्डीत कागद वाचला जाऊन तो लगेच सर्वांना कळला, असे त्या दिवशी प्रथमच घडले.

खुशालराव खाली बसला.  त्याने विचारले, "एक सांगा जी. शेत माह्यं हाय ना?"

"पूर्णपणे," भगवंत म्हणाले. "सारा तुमच्याच नावावर आहे. त्यात कोणाचा दावा नाही."

"अन् वांगे?"

"मळ्यातून वाट त्रेसष्ट हात आहे. वांगी तुमचीच."

याप्रमाणे दोन्ही पक्षांना पूर्ण न्याय मिळाला. सत्तर बायका, सत्तर पाट्या, सगळ्या आधीच बांधावर हजर. कापूस दोन दिवसांत वेचून झाला. तिसऱ्या दिवशी तो अकोल्याला जाऊन चढ्या भावात विकला गेला. पंधरवड्याने अमेरिकेतल्या समेटाची हूल उठली आणि भाव असा कोसळला की बाजारातले दलाल एकमेकांच्या तोंडाकडे पाहत बसले. तानुबाईला त्या भावातले काही कळत नव्हते. तिला बायकांच्या पाट्या लवकर परत करायच्या होत्या, म्हणून तिने घाई केली. पुढे शेत ती पिकवू लागली आणि मळा तो, त्यामुळे तिला शेतात गाडी लागली आणि खुशालरावाला बाजाराला पाटी लागली. आडव्या शिंगांचे बैल तिने घेतले, पाटी त्याने घेतली. शेंब्या तिने काढून ठेवल्या, पण टाकल्या नाहीत.

होळीला नत्थुजी अमरावतीहून आले. भाव पडल्यामुळे त्यांची दलाली बसली होती, तरी ते बरे दिसत होते. खुशालरावाने त्यांना गाठले आणि विचारले, "तुमाले चौथं कलम मालूम होतं का?"

"नाई बावा," नत्थुजी म्हणाले. "आमी कदी वाचलंच नाई. म्हनून तं तीन पिढ्या सुखानं गेल्या." ते खोटे बोलत नव्हते, आणि त्याचेच खुशालरावाला जास्त वाईट वाटले.

आता दर बाजाराच्या दिवशी खुशालराव डोक्यावर वांग्यांची पाटी घेऊन आपल्या शेतातून जातो. शेत त्याच्याच नावावर आहे. साराही तोच भरतो, वेळेवर. मधोमध बोरीचे झाड लागते. पहिल्या दिवशी तो तिथे पोचला तेव्हा त्याचे पाय आपोआप थांबले. पाटी खाली ठेवावी, बापाच्या जागी बसावे, भाकरीचे फडके सोडावे, असे त्याला इतके दाटून आले की त्याचे डोळे भरले. पण कागद चालण्याचा होता. थांबण्याबद्दल त्यात चार कलमांत एक अक्षर नव्हते. तानुबाई बोरीपलीकडे तूर सोंगत होती. तिने त्याला पाहिले, विळा खाली ठेवला.

"बसा जी, खुशालराव," ती म्हणाली. "घडीभर सावलीत बसा. पानी घ्या."

तो बसला. तिने लोटी पुढे केली. मग सुनेला हाक मारून जवळ बोलावले, साक्षीला, आणि मोठ्याने म्हणाली, "पन हे मेहरबानीनं हो. हक्कानं नाई."

हे तिला भगवंतांनी शिकवले होते. नाहीतर बसता बसता वहिवाट होते, आणि वहिवाटीने हक्क बसतो.

खुशालराव पाणी प्याला, त्याने भाकर खाल्ली, आणि तो लगेच उठला. दुसऱ्याच्या शेतात जास्त वेळ बसणे बरे दिसत नाही. तेव्हापासून दर बाजाराला तसेच चालते. तो बसतो, ती साक्षीदार बोलावते, तो उठतो. किसनला निदान साक्षीदार लागत नसे.

वाचकहो, तुम्हाला हसू आले असेल, आणि त्यात गैर काही नाही. अडाणी लोक, जुना काळ, देव्हाऱ्यात ठेवलेला कागद. तुमचे तसे नाही. तुमच्या घराचे खरेदीखत कपाटात आहे, लाल कापडात बांधलेले, वर प्लॅस्टिकची पिशवी. त्यात 'वहिवाटीच्या व जाण्यायेण्याच्या पूर्वापार हक्कांसह' अशी एक ओळ आहे, तिच्या खाली आणखी दोन आहेत, आणि सही करताना तुम्ही विचारले तेव्हा वकील म्हणाले की हे सगळ्यांच्यातच असते. दर लक्ष्मीपूजनाला ते बाहेर निघते आणि घरातल्या बायका त्यावर कुंकू वाहतात. रोज सकाळी भाजीची पाटी घेऊन जी बाई तुमच्या फाटकापाशी येते, ती हल्ली पाटी उतरवण्याआधी जराशी थांबून तुमच्या अंगणाकडे पाहते, या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत. तुम्ही तिला घडीभर सावलीत बसा म्हणता. साक्षीला कोणाला बोलावत नाही.

कपाट उघडून बघायला हरकत नाही. थोडे पाणी घ्या. कापूस घरात असेलच.